विश्लेषण : चार वर्षे एकच संघ, विजेतेपद मात्र नाही… लेक्सी रॉड्रिग्जची कारकीर्द संघनिष्ठेविषयी काय सांगते?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आता हंगाम संपला की विद्यापीठ बदलता येते. जिथे संघ बलाढ्य, पैसा जास्त किंवा खेळण्याची संधी अधिक, तिथे जाण्याचा मार्ग मोकळा आहे. अशा काळात व्हॉलीबॉलपटू लेक्सी रॉड्रिग्ज २०२१ ते २०२४ असे चारही हंगाम नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळली. राष्ट्रीय विजेतेपद मात्र तिला मिळाले नाही. समाजमाध्यमांवर संघ सोडणारा ‘गद्दार’ आणि थांबणारा ‘एकनिष्ठ’ असा निवाडा चटकन होतो. तो कितपत खरा आहे?

लेक्सी रॉड्रिग्ज कोण?

रॉड्रिग्ज मूळची इलिनॉय राज्यातील स्टर्लिंगची. ती ‘लिबेरो’ म्हणून खेळते. वेगळ्या रंगाची जर्सी घालणारा हा खेळाडू फक्त मागच्या रांगेत खेळतो. त्याला ब्लॉक करता येत नाही आणि जाळीच्या वर असलेला चेंडू मारताही येत नाही. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस आणि स्मॅश उचलून चेंडू सेटरच्या हाती नीट पोहोचवणे, हे त्याचे मुख्य काम. क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखेच हे स्थान. शंभर चेंडू उचलले तर ते कर्तव्य, एक सुटला तर सर्वांच्या लक्षात राहतो. रॉड्रिग्ज पहिल्याच वर्षी ‘बिग टेन’ या गटातील सर्वोत्तम बचावपटू ठरली आणि चारही वर्षे तिची ‘ऑल अमेरिकन’ खेळाडूंमध्ये निवड झाली.

विजेतेपदाने किती वेळा हुलकावणी दिली?

२०२१ मध्ये नेब्रास्काने अंतिम फेरी गाठली, पण विस्कॉन्सिनने पाच सेटमध्ये बाजी मारली. २०२२ मध्ये ओरेगॉनने उपांत्यपूर्व फेरीच्याही आधी रोखले. २०२३ मध्ये पुन्हा अंतिम फेरी आणि टेक्सासकडून सरळ तीन सेटमध्ये पराभव. २०२४ च्या उपांत्य सामन्यात तर पेन स्टेटविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही सामना हातचा गेला. तोच रॉड्रिग्जचा नेब्रास्कासाठी शेवटचा सामना.

संघ बदलणे इतके सोपे कधी झाले?

पूर्वी खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर आधीच्या विद्यापीठाची संमती महत्त्वाची असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था ‘एनसीएए’ने ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू केले. या ऑनलाइन यादीत नाव नोंदवले की इतर विद्यापीठे थेट संपर्क साधू शकतात. संमतीची अट गेली. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या काही खेळांत संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावे लागत असे. व्हॉलीबॉलमध्ये पहिल्या बदलासाठी ही सक्ती आधीपासूनच नव्हती. २०२१ मध्ये ही सवलत सर्व खेळांना मिळाली आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलण्याची मुभा मिळाली.

पैशांमुळे काय बदलले?

१ जुलै २०२१ पासून, म्हणजे रॉड्रिग्जच्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर, महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे वळतो. महिला व्हॉलीबॉलसाठी पूर्वी संघामागे १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ती जाऊन आता १८ जणींच्या संघात सर्वांना शिष्यवृत्ती देता येते. म्हणजे चांगल्या खेळाडूला बोलावणारे हात वाढले आहेत.

मग थांबण्यासारखे नेब्रास्कात काय आहे?

नेब्रास्का राज्यात अमेरिकेच्या चार प्रमुख व्यावसायिक लीगपैकी एकाचाही संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ म्हणजे राज्याचा संघ. महिला व्हॉलीबॉलचा घरचा प्रत्येक सामना २००१ पासून ‘हाऊसफुल्ल’ असतो. ३० ऑगस्ट २०२३ रोजी फुटबॉलच्या मैदानात खेळवलेल्या सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आले. महिलांच्या खेळातील हा विक्रम असल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले. रॉड्रिग्ज त्या संघात होती. विद्यापीठाच्या नावावर पाच राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. थोडक्यात, इथे थांबणारी खेळाडू काही गमावून थांबत नाही. प्रेक्षक, सुविधा, नाव आणि विजेतेपदाची खरी संधी, हे सारे जागेवर मिळते. संघनिष्ठेची चर्चा करताना ही बाजू विसरता येत नाही. मधल्या फळीतील विद्यापीठात बाकावर बसलेल्या मुलीकडून तशीच निष्ठा मागणे अन्यायाचे ठरेल.

जे सोडून जातात त्यांचे काय?

नेब्रास्काचीच उदाहरणे पुरेशी आहेत. केला कॅफी २०२२ मध्ये नेब्रास्का सोडून टेक्सासला गेली आणि त्याच वर्षी टेक्सास विजेता ठरला. उलट मेरिट बीसन २०२३ मध्ये फ्लोरिडा सोडून नेब्रास्कात आली, पहिल्याच हंगामात कर्णधार झाली आणि २०२४ मध्ये ‘प्रो व्हॉलीबॉल फेडरेशन’च्या निवड प्रक्रियेत तिला पहिली पसंती मिळाली. एका संघाच्या चाहत्यांना सोडून गेलेली वाटणारी खेळाडू दुसऱ्या संघाची आधारस्तंभ होते. बाहेरून आलेली बीसन आणि पहिल्या दिवसापासून असलेली रॉड्रिग्ज एकाच संघासाठी तितक्याच जिवाच्या आकांताने खेळल्या. निष्ठा आणि मुक्कामाची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रशिक्षकांना वेगळा न्याय?

जानेवारी २०२५ मध्ये नेब्रास्काचे दीर्घकाळचे प्रशिक्षक जॉन कुक निवृत्त झाले. त्यांच्या जागी डॅनी बसबूम केली आल्या. त्या २००६ च्या विजेत्या नेब्रास्का संघातील खेळाडू. पण त्या आल्या लुईव्हिल विद्यापीठ सोडून, आणि त्या संघाला त्यांनी जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. नेब्रास्कात ही ‘घरवापसी’ म्हणून साजरी झाली. प्रशिक्षकाने संघ बदलला तर ती कारकिर्दीतील प्रगती आणि वीस वर्षांच्या मुलीने बदलला तर स्वार्थ, हा दुटप्पीपणा आहे. पोर्टलने खेळाडूंना दिले ते प्रशिक्षकांकडे आधीपासूनच होते.

रॉड्रिग्जच्या कारकिर्दीचा अर्थ काय?

विद्यापीठ संपल्यावर रॉड्रिग्ज ‘लीग वन व्हॉलीबॉल’च्या २०२५ मधील पहिल्या हंगामात ओमाहाच्या, म्हणजे नेब्रास्का राज्यातल्याच संघाकडून खेळली. तिथे तिच्यासोबत होती नेब्रास्काचीच माजी खेळाडू आणि ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेती जॉर्डन लार्सन. तो संघही अंतिम सामन्यात ऑस्टिनकडून हरला.

जुन्या नियमांच्या काळात चार वर्षे एका संघात काढणाऱ्या खेळाडूबद्दल खात्रीने काही सांगता येत नसे, कारण दारावर पहारा होता. रॉड्रिग्जच्या वेळी दार उघडे होते. दर हंगामानंतर ती जाऊ शकत होती आणि दर हंगामानंतर ती राहिली. म्हणूनच तिच्या थांबण्याला किंमत आहे. ज्यांना खेळाडूंमध्ये अशी निष्ठा हवी आहे, त्यांनी दार बंद करण्याची मागणी करण्याऐवजी नेब्रास्काच्या भरलेल्या प्रेक्षागृहाकडे पाहावे. खेळाडू थांबावा असे वाटत असेल, तर थांबावेसे वाटेल असे घर आधी उभारावे लागते.