विश्लेषण : एका रात्रीत दीड किलो वजन कसे वाढते?

तीन आठवडे साखर बंद, रोज संध्याकाळी चालणे, काटा दोन किलोंनी खाली आलेला. मग रविवारी नात्यातल्या लग्नात जेवण झाले आणि सोमवारी सकाळी काट्याने दीड किलो जास्त दाखवले. वजन कमी करण्याचा अनेकांचा निश्चय मोडतो तो अशाच सकाळी.

ही वाढ चरबीची नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. दीड किलो चरबी चढायची तर दिवसाच्या गरजेपेक्षा साडेअकरा हजार किलोकॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. जिलेबीचा कितीही आग्रह झाला तरी एका जेवणात ते जमत नाही.

मग काट्यावर चढले काय? मुख्यतः पाणी. भात, पुरी, गोडधोड यांतील कर्बोदके यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. पापड, लोणचे, मठ्ठा यांतले मीठही पाणी अडवते. शिवाय आतड्यांत असलेल्या अन्नालाही वजन असतेच. अनेक स्त्रियांच्या शरीरात पाळीच्या आधी असेच पाणी साठते. नव्याने व्यायाम सुरू करून अंग दुखत असतानाही. नेहमीचे जेवण सुरू झाले की लग्नाच्या जेवणाचे पाणी दोन-चार दिवसांत उतरते.

याची दुसरी बाजूही आहे, पण तिची तक्रार कोणी करत नाही. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो जातात, त्यातही मोठा वाटा पाण्याचाच. ‘सात दिवसांत पाच किलो’ छापाच्या जाहिराती त्याच्याच जोरावर चालतात.

म्हणून सोमवारी उपाशी राहण्यात अर्थ नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी. सोमवारचा आकडा ७८.६ असला, तरी सरासरी ७७.८ वरून ७७.५ वर आली असेल तर गाडी रुळावर आहे. रोजच्या आकड्याने ज्यांची झोप उडते, त्यांनी सरळ कमरेचे माप घ्यावे.

हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली, धाप लागू लागली, तर तेही पाणीच असते. पण ते आपोआप उतरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवे.