आईच्या बाजूने बसणारे कोण?

शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की आमच्याकडे असे पालक येऊ लागतात. बहुतेक वेळा आईच येते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जिल्हा रुग्णालयाच्या चिठ्ठ्या, शाळेचे प्रगतिपत्रक, कुठल्याशा शिबिरात मिळालेले कार्ड. यंदा जून अखेरीस आलेल्या एका आईचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलणे उशिरा आले, अक्षरे अजून बसत नाहीत, वर्गात गोंगाट झाला की कानावर हात ठेवून बाकाखाली जातो. शाळेने तिला सांगितले, "याला घरीच ठेवा, नाव आम्ही पटावर ठेवतो." थेरपी सेंटरने आठवड्याला तीन सेशन सांगितली. तिचे महिन्याचे उत्पन्न चार घरच्या धुण्याभांड्यांचे. एका विशेष शाळेच्या संचालकांनी वसतिगृहात ठेवायला सांगितले, कारण त्यांना पटसंख्या हवी होती. वस्तीतल्या एका पुढाऱ्याच्या माणसाने "प्रमाणपत्र काढून देतो" म्हणत दोन हजार मागितले.

यातले सगळेच वाईट हेतूचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण चौघांनी दिलेला सल्ला त्यांच्या-त्यांच्या सोयीचा होता. तिला गरज होती ती पाचव्या माणसाची, ज्याचा या निर्णयात काहीही फायदा-तोटा नाही. तो माणूस आपल्याकडे सहसा सापडत नाही, आणि आमच्या मते आजचा खरा प्रश्न हाच आहे.

योजनांची माहिती कमी आहे असे नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, त्यात स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाणही ठरवून दिले. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरामागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की पदे तरी जाहीर करा. आपल्याकडचे विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले, एकेकाकडे कितीतरी शाळा. तो शिक्षक शाळेविरुद्ध आईच्या बाजूने बोलेल अशी अपेक्षा धरणे त्याच्यावरही अन्याय आहे. त्याची नोकरी त्याच यंत्रणेच्या हातात असते.

"घरीच ठेवा" या वाक्याकडे जरा थांबून पाहू, कारण बहुतेक पालक इथेच फसतात. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने गृहाधारित शिक्षणाची तरतूद आली. ती बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांसाठी आहे, आणि तो पर्याय निवडण्याचा हक्क मुलाला दिलेला आहे. शाळेला मूल घरी पाठवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तरीही शाळा तोंडी सांगते, पालक मान डोलावतात आणि मूल हजेरीपटावर राहून घरात बसते. कागदावर कुठेच नकार नसतो. म्हणून आम्ही पालकांना पहिली गोष्ट सांगतो ती एवढीच, की मुख्याध्यापकांना साध्या मराठीत अर्ज द्या, "माझे मूल शाळेत येणार आहे, त्याला कोणती मदत मिळेल ते लेखी कळवा", आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. निम्म्या ठिकाणी पोच मागितल्याबरोबर भाषा बदलते.

पुढची वाट कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिका अशा स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. दुसरा रस्ता पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जातो. त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे, किंवा का केले नाही याची कारणे द्यायची. वकील लागलाच तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने महिला, मुले, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००. आमच्या त्या आईला हे यातल्या तीन-तीन नात्यांनी लागू होते, आणि तिला एकही ठाऊक नव्हते.

पण कायद्याची यादी हातात देऊन कोणी लढत नाही. शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि एक लिपिक समोर बसलेले असताना, स्वतः सातवी शिकलेली बाई एकटी काय बोलणार? इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनांवर अशा पालकांना माहिती आणि सल्ला देण्याची जबाबदारी टाकली आहे. तिथे हे सल्ला देणारे शाळेपासून आणि प्रशासनापासून अंतर राखून काम करतात. पैसा मात्र प्रशासनाचाच, त्यामुळे तिथेही पालकांच्या तक्रारी असतातच. आपल्याकडे तेवढेही नाही. मग हे काम कोणी करायचे?

आम्हाला वाटते, विहारातून ते होऊ शकते. पण आधी स्वतःच्या घरातले दोन प्रश्न मोकळेपणाने मांडले पाहिजेत.

पहिला प्रश्न कर्माचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही आम्ही "मागच्या जन्मीचे काहीतरी असेल" हे ऐकले आहे. मुलाला लग्नाकार्यात आणू नये असे सासू सुचवते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे, कारण तो माणसाच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून काढून घेतो. वर्षावासात आपण या ग्रंथाचे वाचन करतो. ते प्रकरण वाचताना अशा मुलाची आई समोर बसली आहे, हे कोणाच्या ध्यानात येते का? चूळपन्थकाची गोष्ट तर आपलीच आहे. चार महिने घोकूनही एक गाथा पाठ होईना, तेव्हा मोठ्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला विहारातून जायला सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला दारात अडवले, हातात पांढरे कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. पाठांतर जमत नव्हते, म्हणून शिकवण्याची रीत बदलली. आजच्या भाषेत याला वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणतात.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि त्यात आम्ही स्वतः चुकलो. त्या आईची शाळा चालवणारे आपल्याच समाजातले. जयंतीला सढळ हाताने वर्गणी देणारे. आम्ही अर्ज लिहायला घेतला तसा समितीतून निरोप आला, "घरातली गोष्ट आहे, बसून मिटवू." आम्ही थांबलो. बसलो, चहा झाला, आश्वासन मिळाले. महिना गेला आणि मूल घरीच राहिले. त्या महिन्यात आम्हीही त्या आधीच्या चौघांच्या रांगेत जाऊन बसलो होतो. शेवटी जुलैच्या अखेरीस अर्ज दिला. दोन जणांनी आमच्याशी बोलणे बंद केले, यंदा वर्गणीही कमी येईल.

त्यातून आम्ही स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल लागते. बसणारे दोघे, त्यातली एक बाई असतेच. कोणती शाळा किंवा कोणते सेंटर चांगले हे आम्ही सांगत नाही. पर्याय आणि त्यांचे नियम सांगतो, निवड पालकांची. कोणाकडून पैसे नाहीत, कमिशन नाही, आणि मुलासोबत फोटो तर अजिबात नाही. व्हीलचेअर वाटपाचे फोटो भरपूर झाले. बसणाऱ्याचा त्या शाळेशी, संस्थेशी किंवा पक्षाशी संबंध असेल तर तो आधी सांगतो आणि ती फाइल दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक पालकाची एक फाइल, मूळ कागद त्यांच्याकडे, झेरॉक्स आमच्याकडे. आणि शाळेत बोलावणे आले की कोणीतरी सोबत जायचे. तिथे शक्यतो गप्प बसून कोण काय म्हणाले ते लिहून घ्यायचे. वही उघडलेली दिसली तरी पुष्कळ फरक पडतो.

याला पदवी लागत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुले हे उत्तम करतात. निदान, थेरपी, औषध यांवर मात्र त्यांनी तोंड उघडू नये, हे आम्हाला दोनदा दटावून सांगावे लागले. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. अशा मुलांच्या आया त्या जागांवर याव्यात, असाही प्रयत्न आहे. अजून एकच आली आहे.

त्या मुलाच्या अर्जाला आज सात आठवडे झाले. त्याला आता दिवसातले दोन तास वर्गात बसवतात, विशेष शिक्षक एकदा येऊन गेले. पूर्ण वेळेचा लेखी निर्णय नाही. मुदत संपायला पाच-सहा आठवडे आहेत. आयोगाकडच्या अपिलाचा मसुदा फाइलला लावून ठेवला आहे. त्यावर सही करायची की नाही, ते आई ठरवेल.