संक्रमण सूर्याचे आणि शाळेचे

हुरड्याला आलेली ज्वारी आणि घरोघरी भाजल्या जाणाऱ्या तिळांचा खमंग वास घेऊन मकरसंक्रांत दाराशी आली आहे. सूर्याच्या संक्रमणाच्या या पर्वकाळी शाळेतील संक्रमणाचाही विचार व्हावयास हवा. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या प्रयोगाबद्दल २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. आपल्या शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव टॅबवरील अध्यापनामुळे दूरवर गेले. यंत्र खेड्यात रुजेल काय, हा प्रश्न आता उरला नाही. त्यातून मुलांना दाखवावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

यंत्रे आली की परंपरा लोपतात, अशी भीती अनेक श्रद्धाळू घरांत आढळते. ती अगदीच निराधार नाही. परंतु संक्रांतीसारखा सण वर्गातील पडद्यावर आणला, तर तो लोपण्याऐवजी अधिक उजळेल.

‘स्टेलेरियम’ या विनामूल्य प्रणालीत कोणत्याही दिवसाचे आकाश पाहता येते. उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. हे अंतर पृथ्वीच्या अक्षाच्या संथ परांचनामुळे पडले आहे व सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाने वाढते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, पण तारीख होती १२ जानेवारी १८६३! पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीलाच झाला, असे आपण सहज म्हणतो. हेच गणित मांडले, तर त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली दिसते. भूगोल, गणित व इतिहास असे एका पडद्यावर भेटतात. पडताळ्याने श्रद्धेला तडा जात नाही. आपले पंचांगही ग्रहगणितावरच उभे आहे.

विज्ञानाच्या तासाला मंद आचेवर हलव्याला काटा कसा येतो ते पाहावे. तिळाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग तेलाचा असतो, हे कळले की भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर तीळ का, याचा उलगडा होतो. रांजणगावच्या महागणपतीच्या सान्निध्यातील कारेगावात औद्योगिक वसाहतीमुळे दूरदूरची कुटुंबे आली आहेत. कोणाच्या घरी या दिवशी खिचडी, कोणाकडे पोंगल. नकाशावर प्रत्येकाने आपले गाव दाखवावे आणि आपल्या सणाची कथा सांगावी; शेजारच्या बाकावरचे मूल मग परके राहात नाही.

मात्र सुगडाचा ओला स्पर्श पडदा देऊ शकत नाही. त्यात ऊस, बोरे, हरभरा घरीच भरावयास हवा. म्हणून मराठीच्या तासाचा स्वाध्याय घरात करावा: मुलांनी आजीकडून भोगीच्या भाजीची रीत, जुनी गाणी, उखाणे ध्वनिमुद्रित करून आणावेत.

असे करताना एखादे मूल आजीला विचारील, “तुला हळदीकुंकवाला का बोलावीत नाहीत?” त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. नागरिकशास्त्राच्या तासाला हा ठराव अवश्य वाचावा. परंतु त्याची परीक्षा वर्गात नव्हे, आपल्या उंबरठ्यावर होणार आहे. तिळगुळाचे ताट फिरवताना घरातील एकही स्त्री वगळली गेली नाही, तर मुले जे शिकतील ते कोणत्याही पडद्यावर दाखवावे लागणार नाही.