कळतं, पण वळत नाही

डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली तेव्हा मला नवल वाटलं. माझं वय ३९, ऑफिसात हाताखाली सहा माणसं, आणि यांना हवी होती माझी शाळेतली पुस्तकं. आईने ती ट्रंकेत, पिशवीत गुंडाळून जपली होती. तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून आम्ही दोघींनी ती उघडली. तिसरीचा शेरा, ‘हुशार आहे, लक्ष देत नाही.’ चौथीचा, ‘वर्गात खिडकीबाहेर पाहते.’ सहावीचा, ‘वह्या अपूर्ण.’ आठवीचा, ‘मनावर घेतले तर पुष्कळ करू शकेल.’ चार बाईंची चार हस्ताक्षरं आणि सगळ्यांचं सांगणं एकच. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी तुला किती बोलले गं.’

घर आणि नोकरी यांच्या ओढाताणीबद्दल मी या सदरात दर आठवड्याला लिहिते. आज त्यातलं माझं स्वतःचं लिहिते आहे. मला एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता) आहे.

हा त्रास मोठेपणी अचानक उपटत नाही, म्हणून ती पुस्तकं मागितली होती. डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार (२०१३) काही खुणा वयाच्या १२ व्या वर्षाआधी दिसलेल्या असाव्या लागतात. विसराळूपणा, कामं अर्धवट राहणं अशी अनवधानाची नऊ लक्षणं आणि अस्वस्थपणा-उतावळेपणाची नऊ. प्रौढांमध्ये त्यांतल्या एका यादीतली निदान पाच, घर-ऑफिस अशा एकाहून जास्त ठिकाणी, आणि रोजचं जगणं अडवण्याइतकी असावी लागतात. पूर्वी हा मुलांचाच आजार समजला जाई. १९६८ च्या पुस्तिकेत तर तो किशोरवयात बहुधा ओसरतो असंच म्हटलं होतं. पण अनेकांच्या बाबतीत तो ओसरत नाही. उड्या मारणं थांबतं, आतली धावपळ चालूच राहते.

आपल्याकडे याला नावं भरपूर आहेत: धांदरट, वेंधळी, आळशी, आरंभशूर. सगळ्यांत जास्त वेळा मी ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘हिला कळतं, पण वळत नाही.’ आयुष्यभर ते टोमण्यासारखं लागलं. आज वाटतं, याहून नेमकं वर्णन कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. रसेल बार्कली हे अमेरिकी मानसतज्ज्ञ कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. काय करायचं ते या माणसांना ठाऊक असतं. ठाऊक असलेलं वेळेवर हातून घडत नाही, तिथे घोडं अडतं.

माझं वीजबिल घ्या. बिल टेबलावर, पैसे खात्यात, ॲप फोनमध्ये. काम दोन मिनिटांचं. अकरा दिवस मी ते रोज पाहते, रोज स्वतःला बजावते आणि बाराव्या दिवशी दंडासकट भरते. आणि हीच मी एखाद्या विषयात शिरले की रात्री दहापासून दोनपर्यंत जागची हलत नाही. माझ्याकडे लक्ष पुष्कळ आहे, त्याचा लगाम हाती राहत नाही. असा दंड मी बँकेत भरला, आयकराचं विवरणपत्र उशिरा भरून भरला. नात्यांत भरला त्याचा हिशेब मांडता येत नाही.

आईचं ‘मी तुला किती बोलले गं’ हे वाक्य मात्र मनातून जात नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के आहे. आईने वळण लावलं नाही म्हणून हे झालेलं नाही. उलट तिनेच मला सावरलं. दप्तर भरलं, डबा हातात दिला, ‘उद्या भूगोलाचा पेपर’ ही आठवण केली. तो आधार सुटला की अनेकांचं बिंग फुटतं. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात खोली घेतो तेव्हा, आणि मुलगी लग्न करते तेव्हा. तिच्याकडून तर अपेक्षा अशी की सासऱ्यांच्या गोळ्या, मुलाची लस, कामवाल्या मावशींचा पगार हे सगळं तिनेच लक्षात ठेवावं. जिचं स्वतःचं घड्याळ चालत नाही तिने घरभराचं घड्याळ व्हायचं. शांत, खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुली शाळेत कुणाच्या नजरेत येत नाहीत आणि चाळिशीत ‘तुला संसार जमला नाही’ हे ऐकतात.

एक मात्र कळकळीने सांगते. रील्स बघून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका. अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मिथाइलफेनिडेटसारखी औषधं पुष्कळांना उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत, आणि आधी रक्तदाब, हृदय तपासून घ्यायचं.

बाकीचं काम समाजाचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. ते यायला हवं. पण तोंडी सांगितलेलं काम लेखी द्यायला, महिन्याच्या मुदतीचे चार टप्पे करायला, वर्दळीपासून लांबची खुर्ची द्यायला कुठल्याही साहेबाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

त्या दुपारी आम्ही शेरे वाचत असताना ओट्यावरच्या दुधाच्या कुकरने शिट्टी दिली. आईने उठून गॅस बंद केला. शिट्टीचं भांडं वापरते म्हणून तिला कधी कुणी आळशी म्हटलेलं नाही. दूध उतू जाऊ नये, एवढ्यासाठीच ते भांडं आहे. आमच्यासारख्यांना अशाच शिट्ट्या लागतात. त्या मागायला मला इतकी वर्षं लाज वाटली. तुम्हाला वाटू नये, म्हणून हे लिहिलं.

आता बिलाच्या तारखेला आईचा फोन येतो. ‘मनावर घे’ हे ती आता म्हणत नाही. म्हणते, ‘फोन ठेवू नकोस, आत्ताच भर. मी आहे इथे.’