रात्रीचे डाव

"डॉक्टर, झोपच लागत नाही," अशी तक्रार घेऊन शिरूर-दौंडकडची कॉलेजची मुले अलीकडे वरचेवर येतात. खोदून विचारले की कळते, अंथरुणात मोबाईलवर बुद्धिबळ चालते. तीन-तीन मिनिटांचे डाव. एक हरला की चिडून दुसरा. बुद्धीचाच खेळ आहे म्हणून आईवडीलही बोलत नाहीत.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. मग वेगाचाच सराव करावा, असे कोणी म्हणेल! पण तो वेग वर्षानुवर्षे सावकाश विचार केल्यावर येतो. नवशिक्याची घाईत फक्त जुनी चूक पक्की होते.

माझे मत विचाराल तर संध्याकाळी अर्ध्या-पाऊण तासाचा एकच डाव खेळावा. चालीपूर्वी आपले कोणते मोहरे फुकट जाते आहे, एवढे पाहावे. हरलेला डाव घरच्या लाकडी पटावर पुन्हा मांडून कोठे चुकलो ते शोधावे. याचाच मुलांना फार कंटाळा! दर वीस मिनिटांनी नजर अंगणातल्या झाडाकडे न्यावी. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. दिवसा शिकलेले झोपेतच मनात मुरते.

दौंडच्या एका मुलाने महिनाभर हे पाळले. मानांकन किती वाढले ते त्याने सांगितले नाही. झोप लागते म्हणाला, आणि पटासमोर आता आजोबाही बसतात.