आळशी नाही, थकलंय ते लेकरू!

‘पोट्ट्याले नाटकं करायची सवयच लागली!’ खेळायला जाऊन दहा मिनिटांत परतणाऱ्या, वर्गात बाकावर डोकं टेकणाऱ्या मुलाबद्दल आमच्या नांदगाव पेठेत असं सहज बोललं जातं. पाठोपाठ दुसरं वाक्यही येतं, ‘आईनंच लाडावून ठेवलं.’ म्हणजे दुखणं लेकराचं, आणि दोष बाईचा! पण मैत्रिणींनो, त्या मुलाचं खरंच काही दुखत असेल तर?

फेब्रुवारी २०२१ आठवतो ना? दुसऱ्या लाटेची चाहूल राज्याला आपल्या अमरावतीतूनच लागली आणि २२ तारखेला इथे पुन्हा टाळेबंदी आली. मोठ्यांसाठी खाटा शोधण्याच्या त्या धावपळीत लेकरांचा दोन दिवसांचा ताप किरकोळच वाटला. बहुतेक मुलं बरीही झाली. काहींचा ताप उतरला, आजार मात्र मागे रेंगाळला. यालाच ‘लाँग कोविड’ म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांसाठी याची वेगळी व्याख्या केली. करोनानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन महिने टिकलेली लक्षणं त्यात येतात. थकवा, वास न येणं, जिवाची घालमेल ही त्यातली ठळक. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वयानुसार फरकही दिसला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत डोकेदुखी, पोटदुखी, झोपेच्या तक्रारी, लक्ष न लागणं जास्त. त्याहून मोठ्यांत थकवा, अंगदुखी, वास-चव जाणं जास्त.

पंचाईत अशी, की हे ठामपणे सांगणारी रक्ताची चाचणीच नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘पाहा, काहीच नाही!’ मग ते पोर बोलणंच बंद करतं. अंगाचा थकवा मनात उतरतो. आपल्या खेड्यांत पहिली ते चौथीचे वर्ग तर मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत बंदच होते. मित्र नाहीत, घरात भीती, कुठे माणूस गेलेलं. त्यामुळे शरीर किती आणि मन किती, हे वेगळं काढणं डॉक्टरांनाही कठीण जातं. दोन्हींकडे पाहावंच लागतं.

प्रत्येक थकवा करोनाचाच असतो असंही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, डोळे, दमा आधी तपासून घ्यायलाच हवं. पण एमआयडीसीतल्या कपड्याच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या बाईला अमरावतीचा दवाखाना म्हणजे एक खाडा, एका दिवसाची मजुरी. ती फेरी वाया जाऊ नये म्हणून एक साधी वही करा. ताप कधी आला होता, त्रास केव्हापासून, कशाने वाढतो, झोप किती, शाळा किती बुडाली, सगळं दोन आठवडे लिहा. हे काम बाबांनीही करावं बरं! शाळेत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, की तीच वही त्यांना दाखवा.

आणखी एक. खेळल्यावर किंवा अभ्यासानंतर दुसऱ्या दिवशी मूल गळून पडत असेल, तर ‘पळ, म्हणजे ताकद येईल’ असं करू नका. त्याने त्रास वाढू शकतो. काम थोडं, मध्ये विसावा, मग पुन्हा थोडं, असं चालू द्या. गुरुजींशीही तेवढं बोलून ठेवा. मन फारच उदास वाटलं तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो.

बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. पण महिने लागतात, आणि तेवढे महिने घरात कोणीतरी एकानं तरी त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. औषध डॉक्टर देतील. ‘तुझं दुखतंय, हे मला पटतं’ एवढं मात्र घरातूनच यायला हवं.