जात नव्हे, घराणे विचारा

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत रात्री चारदा उठून सार्वजनिक शौचालय गाठणाऱ्या आजोबांना आपण ‘वय झालं’ म्हणतो. बहुतेकदा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच असते. पण तिथे कॅन्सरही होतो, आणि सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही.

अमेरिकेत एकूण पुरुषांत ८ पैकी १ जणाला, तर काळ्या पुरुषांत ६ पैकी १ जणाला हा कॅन्सर आयुष्यात कधीतरी होतो. आठव्या गुणसूत्रावरचे काही बदल त्यांच्यात जास्त आढळतात. मृत्यू मात्र दुप्पट. त्यात उशिरा मिळणाऱ्या उपचारांचाही हात आहे. हे वाचून कोणी आपल्या ‘रक्तातला दोष’ काढू लागला तर ऐकू नका. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. आणि हे जनुकीय अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत. आपली माणसे त्यात मोजलीच जात नाहीत, ही आमची खरी तक्रार आहे.

तोवर घरात विचारा. वडिलांना, भावाला प्रोस्टेटचा किंवा आईला, मावशीला स्तनाचा कॅन्सर होता का? बीआरसीए-२ जनुकातला बिघाड आईकडूनही मुलाकडे येतो. असे असेल तर चाळिशीतच डॉक्टरांकडे पीएसए या रक्ततपासणीविषयी बोला. पुरुष लाजतात, मग ताईंनो, तुम्हीच आत्याबाईंपासून विचारायला सुरुवात करा.